आंदणातले गाव आणि सांगणाऱ्या बायका

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची माहिती सांगताना बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज अशी सत्तांची नामावळी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या नामावळीत एक गोष्ट ओझरती येते आणि निघून जाते. ती म्हणजे हा किल्ला दोनदा आंदणाच्या बोलीत अडकला होता. १५२४च्या सुमारास विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले. इस्माईलची बहीण मरियम हिचा बुऱ्हाणशी निकाह झाला. सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे आंदण म्हणून द्यायचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. तसे काही ठरलेच नव्हते, असे आदिलशाहीचे. पुढची कित्येक वर्षे दोन्ही शाह्या ह्या साडेपाच परगण्यांसाठी एकमेकींशी लढत राहिल्या. चाळीस वर्षांनी, १५६५च्या तालिकोटच्या लढाईआधी दोन्ही घराणी पुन्हा एक झाली, तेव्हा हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूर आंदण म्हणून गेले.

मरियमच्या बाबतीत आणखी एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. तिची आई मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाशी लग्न झाल्यावर तिचे नाव बूबूजी खानम झाले. बुऱ्हाण निजामशहाचा आजा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, विजयनगरच्या मोहिमेत पकडला जाऊन मुसलमान झालेला. म्हणजे सोलापूरच्या किल्ल्यात झालेल्या त्या लग्नात वधूची आई मराठा आणि वराचा आजा मूळचा ब्राह्मण होता. दख्खनच्या मिश्र संस्कृतीचे उदाहरण म्हणून हे लग्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. मात्र त्या लग्नाबद्दल मरियमला काय वाटले, घरात ती आईशी कोणत्या भाषेत बोलत होती, नगरच्या महालात तिला काय नवे वाटले, ह्यातले काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. साडेपाच परगण्यांचा हिशेब मात्र बारकाईने आला आहे.

हा हिशेब लिहून ठेवणारा इतिहासकार फिरिश्ता. तो आधी नगरच्या आणि नंतर विजापूरच्या दरबारात होता. १६०४ साली इब्राहीम आदिलशहाची मुलगी अकबराच्या दानियाल नावाच्या मुलाला देण्यात आली, तेव्हा नवरीच्या मेण्याबरोबर जे लोक बुऱ्हाणपूरपर्यंत गेले त्यांत हा फिरिश्ता होता. मोगलांकडून तिला आणायला असदबेग आला होता. त्यानेही आपली हकीकत लिहून ठेवली आहे. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली, ती त्याने अकबराच्या दरबारी नेली, बादशहाने चिलीम ओढून पाहिली, हकिमांनी हरकत घेतली, हे सगळे त्यात आहे. एकाच प्रवासात विजापूरहून उत्तरेकडे एक राजकन्या गेली आणि तंबाखू गेली. तंबाखूचे पुढे काय झाले ते आपल्याला सविस्तर ठाऊक आहे. राजकन्येबद्दल एवढेच ठाऊक आहे की वर्षभरात दानियाल दारूपायी मेला आणि ती विधवा झाली.

‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ हा शब्द सीमाप्रदेशाविषयी बोलताना आपण फार सैलपणे वापरतो. प्रस्तुत लेखकही वर्गात वापरतो. पण देवाणघेवाण म्हटले की देणारा, घेणारा आणि दिली जाणारी वस्तू असे तीन पक्ष येतात. दख्खनच्या इतिहासात स्त्री बहुतेक वेळा तिसऱ्या जागी आहे. तेव्हा ‘स्त्रियांनी सीमाप्रदेशातील देवाणघेवाणीविषयी काय लिहून ठेवले’ असा प्रश्न विचारण्याआधी, जिची देवाणघेवाण झाली तिला निवेदन करणारी होता आले का, आले तर कधी आणि कशाच्या आधारे, हे विचारायला हवे. ह्या प्रश्नाच्या अंगाने सोलापूरच्या परिसरातील काही निवेदने वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

चांदबिबीच्या आईची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे हस्तलिखित आहे. आफताबी ह्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर रचलेले हे फारसी काव्य आहे आणि त्यात सुंदर चित्रे आहेत. राजाशेजारी त्याची बेगम खुन्झा हुमायून बसली आहे. एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून येते हा आपला जुना दोहदाचा संकेत आहे. फारसी काव्य, शिया दरबार आणि संस्कृत कविसंकेत असा हा मेळ. पुढे ह्या बाई मुलाच्या वतीने राज्य चालवू लागल्या आणि मग त्या मुलानेच त्यांना कैद केले. नंतर केव्हातरी कोणीतरी बहुतेक चित्रांतली राणीची आकृती रंगाने पुसून टाकली. राजाच्या शेजारी आता एक डाग दिसतो. सीमाप्रदेशातील स्त्रियांच्या इतिहासाची साधने कशी असतात असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी ह्या डागाबद्दल सांगतो.

दरबारात नोंद नाही म्हणून स्त्रियांनी काही नेले-आणले नाही, असे अर्थातच नाही. मराठीत फारसी शब्द कोठून शिरले ते पाहावे: कचेरी, फौज, महसूल, शिपाई, जामीन. घराबाहेरचा, पुरुषांचा, सत्तेचा हा व्यवहार. आणि कानडीतून आलेले म्हणून अभ्यासक जे शब्द दाखवतात ते असे: अक्का, अण्णा, अप्पा, तूप, अडकित्ता. हे नात्यांचे आणि स्वयंपाकघराचे शब्द आहेत. ही विभागणी काटेकोर नाही, कारण हलवा आणि पुलावही फारसीतूनच आले. तरी एकंदर कल दिसतो. फारसी शब्द कागदावरून आले आणि कानडी शब्द बहुधा सुनांच्या तोंडून. शं. बा. जोशी आणि रा. चिं. ढेरे ह्यांनी मराठी-कानडी अनुबंधाविषयी जे मूलगामी लेखन केले त्यात दैवते, घराणी, स्थळनामे ह्यांचा साक्षेपी विचार आहे. विठ्ठलाला ‘कानडा’ का म्हटले ह्यावर तर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. पण अक्कलकोटच्या कानडी घरातून पंढरपूरच्या मराठी घरात आलेल्या मुलीने पहिल्या दिवशी तूप कोणत्या शब्दाने मागितले, हा प्रश्न त्या वादात सहसा आलेला नाही. हेमा रायरकर आणि गी पॉयत्वाँ ह्यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत माहेर आणि सासर ही दोन राज्ये आहेत आणि त्यांच्यामधली वाट हीच खरी सीमा आहे. मात्र ओवीतला ‘मी’ सामुदायिक असतो. तो कोणाही बाईचा असू शकतो, आणि तेच त्याचे बळ. नावानिशी, ‘हे माझ्या बाबतीत घडले’ असे सांगणारी बाई शोधायची तर दुसरीकडे जावे लागते.

पंढरपुरापासून जवळच मंगळवेढे आहे. हे गाव आज ज्वारी आणि संतांसाठी प्रसिद्ध असले तरी बाराव्या शतकात ते कलचुरींचे महत्त्वाचे ठाणे होते. बिज्जल कल्याणला जाण्याआधीचे हे त्याचे गाव, आणि बसवेश्वरांच्या चरित्रातही ते येते. बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांत तीसहून अधिक स्त्रियांनी वचने रचली. त्याच काळात आपल्या सोलापूरचे सिद्धराम कन्नडमध्ये वचने रचत होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत दर संक्रांतीला त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. ह्या सोहळ्याला कानडी, मराठी, तेलुगू अशी सगळी सोलापूरकर मंडळी पांढरे कपडे घालून अक्षता टाकायला उभी असते. सिद्धरामांची वचने छापून निघाली आहेत. कुंभारकन्येचे नाव कथेतही नाही.

पंधराव्या शतकात मंगळवेढे बिदरच्या बहमनी सत्तेखाली होते. तिथे श्यामा नावाच्या गणिकेच्या पोटी कान्होपात्रा जन्मली. तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहापर्यंत गेली, त्याने तिला आणायला माणसे पाठवली, ती पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांशी गेली आणि तिथेच तिने प्राण सोडला. देवळातले तरटीचे झाड तिचे म्हणून दाखवतात. ही कथा आपण महिपतीकडून ऐकली. त्याचा ‘भक्तिविजय’ १७६२चा आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांचा. बादशहा, त्याचे शिपाई, मुसलमान सत्ता आणि हिंदू देव ह्यांच्यातली ताणाताण हे सगळे महिपतीच्या कथनात ठळक आहे.

कान्होपात्रेच्या नावावरच्या अभंगांत काय आहे? तिचा सर्वांत प्रसिद्ध अभंग संगीत नाटकामुळे घरोघरी पोचला. त्यात व्याघ्राने धरलेल्या हरणाच्या पाडसाची प्रतिमा आहे, प्राण कंठाशी आल्याची भावना आहे, देवाने आता अधिक परीक्षा पाहू नये अशी विनवणी आहे. बादशहा नाही, बिदर नाही. दुसरीकडे ती आपल्या जातीविषयी, हीन समजल्या गेलेल्या कुळाविषयी बोलते. म्हणजे महिपतीला जी सीमा दिसली, दोन धर्मांमधली, राजधानी आणि तीर्थक्षेत्र ह्यांमधली, ती तिच्या शब्दांत ठळक नाही. तिला दिसते ती सीमा तिच्या आईच्या घराच्या उंबऱ्याशी आहे. त्या घरात जन्मलेल्या मुलीला कोणीही मागू शकते. मागणारा बिदरचा आहे की मंगळवेढ्याचा सावकार आहे, ह्याने फार फरक पडत नाही. हे अभंग मौखिक परंपरेतून आले आहेत, त्यांतला प्रत्येक शब्द तिचाच असे कोणी म्हणू नये. पण परंपरेने तीन शतके तिच्या तोंडी हे शब्द ठेवले आणि बादशहा ठेवला नाही, ही गोष्टही साक्षच आहे.

आता थोडे मागेपुढे करून सतराव्या शतकात यावे लागेल, कारण स्वतःचा प्रवास सुरुवातीपासून सांगणारी पहिली मराठी बाई तिथे भेटते. बहिणाबाई शिऊरकर. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दोघींची गल्लत दरवर्षी होते.) तिचे ‘आत्मनिवेदन’ अभंगांत आहे. जन्म १६२८च्या सुमाराचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील कुलकर्णी. ती अगदी लहान असताना शिऊरच्या रत्नाकर पाठक ह्या तीस वर्षांच्या बिजवराशी तिचे लग्न झाले. ती नऊ वर्षांची असताना वडिलांवर कर्ज झाले, भाऊबंदांनी छळ मांडला आणि सारे कुटुंब, जावयासकट, रातोरात गाव सोडून निघाले. मग मजल दरमजल करीत, भिक्षा मागत, भीमेच्या काठी पंढरपूर, पुढे शिखर शिंगणापूर, पुढे रहिमतपूर आणि ती अकरा वर्षांची झाली तेव्हा कोल्हापूर.

ह्या प्रवासाच्या तारखा राजकीय इतिहासाशेजारी ठेवून पाहिल्या की माणूस थबकतो. १६३० ते १६३२ ह्या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. १६३३ साली दौलताबाद, म्हणजे देवगावापासून फार दूर नसलेले निजामशाहीचे ठाणे, मोगलांनी घेतले. १६३६ साली शाहजहान आणि महंमद आदिलशहा ह्यांच्यात तह झाला. निजामशाही नकाशावरून गेली, तिचे दोन तुकडे झाले, भीमेकडचा मुलूख विजापूरकडे गेला आणि सोलापूर पुन्हा एकदा आदिलशाहीच्या पदरात पडले. बहिणाबाईचे कुटुंब नेमके ह्यानंतर, १६३७च्या आसपास, मोगली झालेल्या मुलखातून निघून आदिलशाही मुलखात आले. एका साम्राज्याची अगदी ताजी, शाईही न वाळलेली सीमा ते ओलांडत होते. आणि बहिणाबाईच्या निवेदनात शाहजहान नाही, आदिलशहा नाही, तहही नाही.

इतिहासाचा विद्यार्थी इथे निराश होतो. मला वाटते त्याने होऊ नये. तिने लिहिले आहे ते कर्ज, भाऊबंद, रात्रीचा पळ, भीक, आणि पंढरपूर दिसल्यावर झालेला आनंद. कुलकर्ण्याला कर्ज का झाले असेल, वतनावरून भाऊबंद त्याच वेळी का उठले असतील, ह्याची कारणे दुष्काळात आणि सत्तांतरात शोधता येतील. तो आपला तर्क, तिचे विधान नव्हे. पण राज्य बदलले हे तिला दप्तरातून कळणार नव्हतेच. ते तिला घर सोडावे लागले ह्यातून कळले. सीमा हलली म्हणजे काय झाले, ह्याचे इतके थेट वर्णन तहनाम्यात मिळायचे नाही.

तिची दुसरी सीमा कोल्हापुरात लागते, आणि तिथे निवेदन थांबून थांबून, तपशिलात शिरून चालते. हे कुटुंब बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाकडे उतरले होते. रत्नाकरला दानात एक गाय मिळाली. तिचे वासरू बहिणाबाईला इतके लागले की तिच्याशिवाय पाणी पिईना. जयराम गोसाव्यांचे कीर्तन होते, ती वासराला घेऊन गेली. गर्दीत वासराला बाहेर काढले, ते हंबरू लागले, गोसाव्यांनी त्याला आत घेतले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ही वार्ता नवऱ्याला कळली आणि त्याने अकरा वर्षांच्या बायकोला गुरासारखे मारले. वासरू मेले. त्यानंतर तिला स्वप्नात तुकाराम दिसले आणि त्यांनी मंत्र दिला.

नवरा वेद जाणणारा, दानदक्षिणेवर जगणारा ब्राह्मण. बायकोचा गुरू शूद्र. गावातले लोक तिला पाहायला येतात, आपल्याला कोणी विचारीत नाही, हा त्याचा सल निवेदनात स्वच्छ आला आहे. तो तिला टाकून निघायचे ठरवतो, आजारी पडतो, बदलतो, आणि मग सगळे देहूला जातात. तिथे मंबाजी छळ मांडतो तो ह्याच कारणाने की ब्राह्मण बाईने वाण्याच्या पायांवर डोके ठेवले. पुढे बहिणाबाईने ‘वज्रसूची’च्या आधारे ब्राह्मण कोणाला म्हणावे ह्याची चिकित्सा करणारे अभंग रचले. जन्माने, वर्णाने, विद्येने, कर्माने ब्राह्मण ठरतो का, असे एकेक पक्ष घेऊन ते खोडले आहेत. ‘वज्रसूची’ उपनिषदांत गणली जाते आणि अश्वघोषाच्या नावावर बौद्ध परंपरेतही सांगितली जाते. म्हणजे एका कुलकर्ण्याची मुलगी, शूद्र गुरूची शिष्या, बौद्ध परंपरेतही गाजलेला युक्तिवाद मराठी अभंगात आणते. देवाणघेवाण हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. इथे बाई वस्तू नाही, इथे ती देणारी आहे.

आता एक अडचण. ह्याच बहिणाबाईने पतिव्रताधर्माचेही अभंग लिहिले आहेत. नवऱ्याची सेवा हाच देव, असे सांगणारे. आजच्या वाचकाला, विशेषतः विद्यार्थिनींना, ते वाचवत नाहीत. काही संपादने ते हलकेच मागे सारतात, काही समीक्षक त्यांना ‘काळाची मर्यादा’ म्हणून निकालात काढतात. मला ते तसे काढता येत नाहीत. ज्या बाईला मारले गेले, जिला टाकून देण्याची धमकी मिळाली, तिने एका हाताने ब्राह्मण्याची चिकित्सा केली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याशी तह केला. त्या तहाच्या अटी ह्या अभंगांत आहेत. शाहजहान-आदिलशहाचा तह आपण अटींसकट शिकवतो. हाही तसाच शिकवावा. १९२९ साली जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मराठी मिशनच्या मिशनऱ्याने हे निवेदन इंग्रजीत आणले, तेव्हा त्याने दोन्ही प्रकारचे अभंग घेतले. त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

ह्याच मिशनच्या परिघात आणखी एक बाई होती. १८९५च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई टिळक बहिणीच्या आश्रयाने, मेहुणे पेंडसे ह्यांच्या घरी, पंढरपुरात येऊन राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या सर्वांच्या परिचयाची, म्हणून इथे फार लिहीत नाही. पण पंढरपूरचा भाग ह्या संदर्भात पुन्हा वाचून पाहावा. नवरा ख्रिस्ती झालेली ब्राह्मण बाई विठोबाच्या गावात ना सवाष्ण, ना विधवा, ना परित्यक्ता. टिळकांची पत्रे येतात, भेटी होतात, रुसवे होतात. दोघांमधली सीमा दोन धर्मांमधली असे आपण म्हणतो. लक्ष्मीबाई मात्र ती धर्मशास्त्राच्या भाषेत कधीच मांडत नाहीत. त्या पाणी, स्वयंपाक, सोवळे ह्या भाषेत मांडतात. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेणारे वडील त्यांनी लहानपणी पाहिले होते. नवऱ्याकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या कथनात खरी उलथापालथ त्याआधीच झालेली आहे. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि ह्यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. एवढे मोठे धर्मांतर आणि त्याची कसोटी एक पेला पाणी. विनोदी अंगाने सांगतात म्हणून त्यातले धैर्य चटकन लक्षात येत नाही, इतकेच.

आणि मग त्या पेल्याची दुसरी बाजू. पंढरपुरापासून तासाभराच्या एस.टी. प्रवासावर, सांगोल्याच्या बाजूला, महूद आहे. १९२३ साली तिथल्या महारवाड्यात शांताबाई कांबळे जन्मल्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे त्यांचे आत्मकथन १९८०च्या दशकात आले. दलित स्त्रीच्या पहिल्या मराठी आत्मकथनांत त्याचा मान मोठा आहे, आणि ‘नाजुका’ ह्या दूरदर्शन मालिकेमुळे ते वाचणाऱ्यांपलीकडेही गेले. लक्ष्मीबाईंना जे पाणी कोणाहीकडून घ्यायचे ठरवायला किती वर्षे लागली, ते पाणी शांताबाईंच्या घरच्यांना कोणी वरून ओतल्याशिवाय मिळत नव्हते. एक बाई सीमा ओलांडायचे ठरवते, आणि दुसरी त्या सीमेच्या पलीकडेच जन्मलेली असते. दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत असे मला वाटते. अभ्यासक्रमात ती बहुतेक वेळा वेगवेगळ्या पत्रिकांत, एक ‘आत्मचरित्र’ आणि दुसरे ‘दलित साहित्य’ अशा खात्यांवर पडतात. खाती पाडली की बाजारपेठेतली दुकाने वेगळी होतात आणि माल एकच होता हे विसरले जाते.

शांताबाईंच्या भाषेकडे पाहावे. ‘माज्या’ आणि ‘जल्म’ ही रूपे शीर्षकातच आहेत. १९४२पासून त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका होत्या, १९५२ साली पुण्याला प्रशिक्षणाला गेल्या. म्हणजे प्रमाण मराठी त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवली. निवेदन मात्र महूदच्या बोलीत केले. येत नव्हते म्हणून नव्हे. बहिणाबाईजवळ अभंगाचा साचा तयार होता, लक्ष्मीबाईंजवळ घरगुती ब्राह्मणी गद्य होते. शांताबाईंसमोर बाईने, त्यातही त्यांच्या समाजातल्या बाईने, स्वतःविषयी छापील मराठीत कसे बोलावे ह्याचा नमुनाच जवळपास नव्हता. तेव्हा त्यांनी आईच्या तोंडची भाषा घेतली.

पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली निवृत्त झाल्या. जत म्हणजे मराठी-कानडी सरमिसळीचा मुलूख. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमावाद पेटला. १९६७च्या महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग म्हैसूर राज्याला द्यावा म्हटले, बेळगाव तिथेच राहावे म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. कोणत्या गावात किती लोक कोणती भाषा बोलतात ह्याचे कोष्टक म्हणजे ह्या वादाचा कणा. पुन्हा साडेपाच परगण्यांचा हिशेब. त्या हिशेबाच्या शेजारी, गावोगावच्या शाळा तपासत फिरणारी महूदची एक बाई आहे, जिला तिच्या लहानपणी गावाने शाळेच्या वर्गात बसू दिले नव्हते. सीमाप्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्याने ह्यांतले कोणते साधन आधी उघडावे, ह्याविषयी माझ्या मनात आता फारसा संशय उरलेला नाही.

ह्या वर्षी वर्गात एक उपक्रम दिला होता. आपल्या आजीला किंवा आईच्या आजीला लग्नात काय आंदण मिळाले त्याची यादी तिलाच विचारून, तिच्याच शब्दांत लिहून आणायची. याद्या आल्या. बहुतेकींत भांडी आहेत, एकीत शेळी आहे, एकीत ‘काहीच नाही’ एवढेच आहे आणि त्याखाली दोन पाने मजकूर आहे. दक्षिण सोलापूरच्या एका मुलीने ‘बिंदगी’ लिहून पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकले होते. आजी पाण्याच्या भांड्याला हेच म्हणते, शब्द कानडी आहे, ह्याला मराठीत काय लिहायचे, असे तिने विचारले. मी प्रश्नचिन्ह खोडले आणि शब्द तसाच ठेवायला सांगितला. मग ती म्हणाली की आजी त्या बिंदगीबद्दल अजून बरेच बोलली होती, पण यादीत तेवढे बसत नव्हते म्हणून तिने ते लिहिले नाही. तिला पुन्हा गावी पाठवले आहे.